वॉर्सा येथील भूमिगत दप्तर

(१) विषयप्रवेश. जुनीं दप्तरें संशोधकास बहुधा तीन ठिकाणीं सांपडतात : राजसत्तेच्या कचेरींत, देवस्थानाच्या कोठींत, अगर एखाद्या जुन्या घराण्याच्या माळ्यावर. तिन्ही ठिकाणीं कागद जमतात ते व्यवहाराच्या ओघानें. वसुलाची नोंद वसुलासाठीं होते, पत्र उत्तरासाठीं लिहिलें जातें, निवाडपत्र भांडण मिटविण्यासाठीं केलें जातें. दोनशें वर्षांनंतर कोणी इतिहास लिहील, या हेतूनें त्यांतला एकहि कागद जन्मास आलेला नसतो. प्रस्तुत लेखांत ज्या दप्तराचा परिचय करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे, तें या नियमास मोठा अपवाद आहे. ज्या लोकांचा समूळ उच्छेद शत्रूनें आरंभिला होता, त्यांनींच, तो उच्छेद चालू असतां, पुढील इतिहासाचें साधन व्हावें एवढ्याच हेतूनें तें जमविलें. आणि जमविणारे बहुतेक सर्व मारले गेल्यावर तें भूमींतून वर आलें.

हें कार्य पोलंडची राजधानी वॉर्सा येथें १९४० ते १९४३ या काळांत झालें. आज हें दप्तर त्याच शहरीं यहुदी इतिहास संस्थेंत असून त्यांत सुमारें ६,००० लेख, म्हणजे सुमारें ३५,००० पृष्ठें आहेत. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण स्वतः कागद जमविणारे आहेत. म्हणून हें दप्तर कोणीं जमविलें, कोणत्या रीतीनें जमविलें, कसें लपविलें, आणि त्यांतलें काय वांचलें व कशामुळें वांचलें, या क्रमानेंच आम्ही विवेचन करणार आहों.

(२) प्रसंग. जर्मनीनें १ सप्टेंबर १९३९ रोजीं पोलंडवर स्वारी केली व त्या महिन्याच्या अखेरीस वॉर्सा शहर पडलें. त्या वेळीं शहराच्या लोकसंख्येपैकीं शेंकडा तीसच्या सुमारास लोक यहुदी, म्हणजे ज्यू, होते. जर्मन अंमल बसतांच त्यांच्यावर एकामागून एक हुकूम सुटूं लागले. डिसेंबर १९३९ पासून प्रत्येकानें दंडावर निळ्या ताऱ्याची पांढरी पट्टी बांधावी असें ठरलें. ऑक्टोबर १९४० मध्यें शहराचा एक भाग त्यांच्यासाठीं तोडण्यांत आला, आणि १६ नोव्हेंबर १९४० रोजीं तो सुमारें दहा फूट उंचीच्या भिंतीनें बंद झाला. अशा वस्तीस युरोपांत ‘घेटो’ म्हणतात. हा शब्द मूळचा व्हेनिस शहरचा ; तेथें १५१६ सालीं यहुद्यांस एका बंद पेठेंत ठेविलें, त्या पेठेचें हें नांव. परंतु व्हेनिसच्या घेटोचे दरवाजे सकाळीं उघडत असत. वॉर्सा येथें साडेतीन चौरस किलोमीटरांच्या आंत चार लक्षांहून अधिक माणसें कोंडलीं गेलीं, आणि परवान्यावांचून बाहेर सांपडलेल्यास पुढें देहान्त शिक्षा ठरली. उपासमारीनें व टायफस तापानें १९४२ च्या मध्यापर्यंत सुमारें ८०,००० माणसें भिंतीच्या आंतच मेलीं.

२२ जुलै १९४२ रोजीं याहून भयंकर पर्व सुरू झालें. ‘पूर्वेकडे वसाहतीस नेतों’ असें सांगून रोज सहस्रावधि माणसें आगगाडीच्या मालडब्यांत भरून त्रेब्लिंका येथें नेण्यांत आलीं व तेथें विषारी वायूनें मारण्यांत आलीं. २१ सप्टेंबरपर्यंत अशा रीतीनें अडीच लक्षांहून अधिक माणसें गेलीं. उरलेल्यांनीं १९ एप्रिल १९४३ रोजीं शस्त्र उचललें. तो उठाव मे महिन्यांत मोडला गेला, आणि मग सबंध वस्ती जाळून व सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यांत आली. जें दप्तर आपण पाहणार आहों, तें या विटामातीच्या ढिगाऱ्याखालीं होतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

(३) मंडळ. या कार्याचा प्रवर्तक इमॅन्युएल रिंगेलब्लुम. त्याचा जन्म १९०० सालीं पूर्व गॅलिशियांतील बुचाच या गांवीं झाला. मध्ययुगीन वॉर्सांतील यहुदी लोकांच्या इतिहासावर प्रबंध लिहून १९२७ सालीं त्यानें वॉर्सा विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली. शाळेंत इतिहास शिकवावा, फावल्या वेळीं जुनीं दप्तरें चाळावीं, असा त्याचा क्रम होता. आमच्यासारख्या सेवानिवृत्त पंतोजीस हा मनुष्य परका वाटत नाहीं. १९३८ सालीं जर्मनीनें आपल्या मुलुखांतील पोलिश यहुद्यांस हांकून दिलें, तेव्हां सरहद्दीवर अडकून पडलेल्या त्या सहस्रावधि निर्वासितांच्या साह्यास तो गेला. अन्नवस्त्राची व्यवस्था लावतां लावतां त्यांच्या हकीकतीहि त्यानें जमविल्या. पुढील कार्याचें बीज त्या अनुभवांत आहे. युद्धाच्या तोंडावर, ऑगस्ट १९३९ मध्यें, तो स्वित्झर्लंडांत जिनीव्हा येथें एका परिषदेस गेला होता. तेथून परदेशीं निघून जाणें शक्य असतां तो वॉर्सास परतला, आणि ऑक्टोबरपासून रोजची टिपणें लिहूं लागला.

एकट्याच्या टिपणानें हें काम होणार नाहीं, हें त्यानें लौकरच ओळखलें. भिंत बंद झाल्यावर आठवड्याच्या आंत, २२ नोव्हेंबर १९४० रोजीं, त्याच्या घरीं कांहीं मित्र जमले व मंडळाची स्थापना झाली. मंडळाच्या बैठका शनिवारीं होत. शनिवार हा यहुद्यांचा शब्बात, म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार. कोंकणांतील बेने इस्राएल लोक या वारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ हें नांव पडलें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. या वारावरून मंडळानें ‘ओनेग शब्बात’ असें सांकेतिक नांव घेतलें. त्याचा अर्थ ‘शब्बाताचा आनंद’. कोणाच्या कानीं पडलें तरी शनिवारच्या उपासनेनंतरचें स्नेहसंमेलन असेल, असेंच वाटावें.

मंडळांत पन्नास साठ माणसें होतीं. हर्श वासर हा चिटणीस. शिमोन ह्युबरबांड हा रब्बी, म्हणजे धर्मशास्त्री. धर्माचारांवरील बंदी व पवित्र ग्रंथांची विटंबना यांची नोंद त्याच्याकडे होती. अब्राहम लेविन हा मुलींच्या शाळेंतला शिक्षक, पेरेत्स ओपोचिन्स्की हा घेटोंतला टपालवाला. राखेल आउअरबाख ही लेखिका भुकेल्यांसाठीं अन्नछत्र चालवीत असे. इस्राएल लिख्टेनस्टाइन या शाळामास्तराकडे दप्तर सांभाळण्याचें काम होतें. यांत इतिहासाचा पदवीधर म्हणावा असा एखाददुसराच. इतरांस संशोधनाचा अभ्यास नव्हता, पण ज्या घटनेचा इतिहास लिहावयाचा तिच्या मध्यभागीं ते उभे होते.

(४) संग्रहाची रीति. घेटोंत प्रत्येक मोठ्या चाळीवजा इमारतीस चौकाभोंवतीं राहणाऱ्या बिऱ्हाडांची एक समिति होती. भुकेल्यांस अन्न, उघड्यांस वस्त्र हें काम या समित्या करीत, व या सर्वांचें सूत्र ज्या परस्परसाह्य संस्थेच्या हातीं होतें तींत रिंगेलब्लुम काम करी. या निमित्तानें त्याचा शिरकाव घरोघर होता. मदतीचा मनुष्य म्हणून आलेला गृहस्थ चार प्रश्न विचारी, घरीं जाऊन लिहून काढी, आणि सांगणाऱ्यास बहुधा त्याची वार्ताहि नसे. आसपासच्या लहान गांवांतून हांकून आणलेले निर्वासित शहरांत येत, त्यांच्याकडून त्यांच्या गांवाची कैफियत घेत. गांवीं वस्ती किती होती, जर्मन केव्हां आले, प्रथम काय केलें, प्रार्थनामंदिराचें काय झालें, शेजाऱ्यांची वागणूक कशी होती, अशी ठराविक प्रश्नावली असे. त्यामुळें शेंकडों गांवांच्या हकीकती एकमेकींशीं ताडून पाहतां येतात. निरनिराळ्या साक्षीदारांस एकच प्रश्न विचारावे, हा नियम आम्हांपैकीं किती जण पाळतात, याचा ज्याचा त्यानें विचार करावा.

गुप्ततेविषयीं मंडळ अत्यंत दक्ष होतें. प्रत्येकास आपल्या कामापुरतेंच ठाऊक असे. कागद कोठें ठेविले आहेत हें फारच थोड्यांस ठाऊक होतें. महत्त्वाच्या लेखाच्या एकाहून अधिक प्रती काढीत, टंकयंत्रावर काढीत अगर हातानें उतरीत. भुकेनें हातपाय गळालेल्या लेखकांस थोडें द्रव्य देऊन त्यांच्याकडून निबंध लिहवून घेत. १९४२ च्या आरंभीं तर युद्धाच्या पहिल्या अडीच वर्षांचा सर्वांगीण ग्रंथ करावा असें ठरून विषयांची वांटणी झाली : आर्थिक व्यवहार, धर्म, शिक्षण, मुलें, तस्करी, स्त्रियांची स्थिति. स्त्रियांविषयींचा भाग सेसिलिया स्लापाकोवा हिनें निरनिराळ्या थरांतील स्त्रियांस प्रत्यक्ष भेटून लिहिण्यास घेतला. तो ग्रंथ पुरा झाला नाहीं. लिहिणाऱ्यांस त्रेब्लिंकाच्या गाडींत चढावें लागलें. पण त्याच्यासाठीं जमविलेलीं टिपणें राहिलीं.

(५) दप्तरांत काय आहे. लेख चार भाषांत आहेत : यिद्दिश, पोलिश, हिब्रू व जर्मन. त्यांत रोजनिशा आहेत, गुप्तपणें छापलेलीं वृत्तपत्रें आहेत, जर्मन सरकारचे हुकूम आहेत, उपासमारीविषयींचीं व अर्थव्यवहारावरील टिपणें आहेत, रब्बींचीं प्रवचनें आहेत, शाळेंतल्या मुलांचे निबंध आहेत, गाडींतून बाहेर फेंकलेल्या चिठ्या आहेत, चित्रें व छायाचित्रें आहेत. याखेरीज जें आहे तें पाहून पहिल्यानें हंसूं येतें : शिधापत्रिका, ट्रामचीं तिकिटें, नाटकांच्या जाहिराती, फराळाचीं निमंत्रणें, मिठाईच्या गोळ्यांचे रंगीत कागद.

मिठाईचा कागद इतिहासाच्या दप्तरांत कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, उपासानें माणसें रस्त्यावर पडत असतां त्याच रस्त्यावर मिठाईहि विकली जात होती. एकाच वस्तींत दोन जगें होतीं, हें शंभर पानांच्या निबंधानें जितकें सिद्ध होत नाहीं, तितकें त्या कागदाच्या तुकड्यानें होतें. निबंधावर पक्षपाताचा आरोप करतां येतो. वेष्टनाच्या कागदावर तो करतां येत नाहीं. तो कोणास कांहीं पटविण्यासाठीं निर्माण झालेला नाहीं, म्हणूनच तो विश्वसनीय साक्षीदार आहे.

(६) सत्याविषयींचा आग्रह. बखर व अस्सल पत्र यांतला भेद कै. राजवाडे यांनीं महाराष्ट्रास शिकविला. प्रसंगानंतर पुष्कळ काळानें, परिणाम ठाऊक झाल्यावर, आपल्या पक्षाचा अभिमान धरून लिहिलेली हकीकत निराळी आणि प्रसंगाच्या ऐन भरांत लिहिलेला कागद निराळा. रिंगेलब्लुमास हा भेद पक्का ठाऊक होता. युद्ध संपल्यावर वांचलेले लोक ज्या आठवणी लिहितील त्यांवर शेवटाची छाया पडलेली असेल. म्हणून आजची गोष्ट आजच लिहावी, असा त्याचा दंडक होता. जानेवारी १९४१ मध्यें लिहिणाऱ्यास जुलै १९४२ ठाऊक नव्हता. त्याची आशा, त्याचे गैरसमज, त्याची चेष्टामस्करी, बाजारांतल्या अफवा, हें सर्व त्यामुळें जसेंच्या तसें राहिलें आहे.

स्वजनांचे दोषहि त्यांनीं झांकले नाहींत. घेटोंतील यहुदी पोलीस लांच घेत, पुढें आपल्याच लोकांस ओढून गाडीपाशीं नेत. धनिक खानावळींत जेवीत असत आणि दाराशीं मूल मरून पडलेलें असे. हें सर्व त्यांनींच लिहून ठेविलें आहे. उलटपक्षीं, एखाद्या जर्मन शिपायानें माणुसकी दाखविली तर तीहि नोंदली आहे. ज्यास उद्यां मरावयाचें आहे त्यानें शत्रूविषयींहि खोटें लिहूं नये, हा निर्धार सामान्य नव्हे. त्यांची दृष्टि अशी होती कीं, एक खोटें सांपडलें तर दहा खऱ्यांवरचा विश्वास उडेल, आणि मग मारेकऱ्यांनीं लिहिलेला इतिहासच तेवढा शिल्लक राहील.

(७) दप्तर व वार्ता. १९४२ च्या आरंभीं या मंडळाचें काम एका नव्या दिशेस वळलें. पश्चिम पोलंडांत खेल्मनो या गांवीं डिसेंबर १९४१ पासून यहुद्यांस बंद मोटारींत कोंडून इंजिनाच्या धुरानें मारीत असत. तेथें प्रेतें पुरण्याच्या कामास जुंपलेला श्लामेक नांवाचा एक तरुण जानेवारी १९४२ मध्यें निसटला व लपतछपत वॉर्सास पोंचला. हर्श वासर व त्याची पत्नी ब्लूमा यांनीं त्याची सविस्तर जबानी उतरून घेतली. जर्मन सत्ता लोकांस उपासानें मरूं देत आहे एवढेंच नव्हे, तर सबंध जमात मारण्याचा कारखाना तिनें उघडला आहे, हें मंडळास त्या जबानीवरून कळलें. मंडळानें अहवाल तयार केले आणि पोलिश भूमिगत चळवळीच्या द्वारें ते लंडनपर्यंत धाडले. जून १९४२ मध्यें लंडनच्या नभोवाणीनें पोलंडांतील यहुद्यांच्या कत्तलीची वार्ता दिली, तेव्हां आपलें कष्ट वायां गेले नाहींत, असें समाधान रिंगेलब्लुमानें आपल्या टिपणांत नमूद केलें. त्यानंतर महिनाभरांत वॉर्साची पाळी आली. श्लामेकास मंडळानें दूरच्या गांवीं धाडलें होतें. तेथून त्यास धरून बेल्झेत्स येथें मारण्यांत आलें. त्याची जबानी मात्र दप्तरांत राहिली.

(८) निक्षेप. गाड्या सुरू झाल्यावर दहा बारा दिवसांत, २ व ३ ऑगस्ट १९४२ रोजीं, दप्तराचा पहिला भाग पुरण्यांत आला. स्थळ नोवोलिप्की रस्त्यावरील ६८ क्रमांकाची शाळा. पूर्वीं तेथें बोरोखोव्ह यांच्या नांवाची शाळा भरत असे. लिख्टेनस्टाइन व त्याचे दोन माजी विद्यार्थी, एकोणीस वर्षांचा डेव्हिड ग्राबर व अठरा वर्षांचा नाखुम ग्झिवाच, यांनीं पत्र्याच्या दहा पेट्यांत कागद भरले व तळघरांत खड्डा करून पुरले. पुरण्यापूर्वीं तिघांनीं आपापलें निवेदन लिहून त्यांत घातलें. लिख्टेनस्टाइन म्हणतो, आपल्यास आभार नकोत, स्मारक नको. आपलें नांव, आपली चित्रकार पत्नी गेला सेक्श्टाइन हिचें नांव आणि वीस महिन्यांच्या मार्गालित या कन्येचें नांव एवढेंच कोणीं आठवावें. गेलाचीं सुमारें ३०० चित्रें त्या पेट्यांत होतीं. ग्राबर म्हणतो, हा ठेवा वर निघेल तो क्षण पाहावयास मिळता तर किती आनंद झाला असता. ग्झिवाच लिहितो कीं, आईबापांच्या रस्त्यास वेढा पडल्याचें ऐकलें, त्यांस पाहावयास धांवतों आहें. त्यानंतर त्याचा कागद संपतो.

उरलेल्या सभासदांनीं उरलेल्या दिवसांत काम चालूच ठेविलें. लेविन याची पत्नी ऑगस्टांत धरली गेली, तरी त्याची रोजनिशी १६ जानेवारी १९४३ पर्यंत चालली. पूर्वीं तो यिद्दिशमध्यें लिही. गाड्या सुरू झाल्यापासून हिब्रूमध्यें लिहूं लागला. जणूं या प्रसंगास धर्मग्रंथांचीच भाषा पाहिजे असें त्यास वाटलें असावें. फेब्रुवारी १९४३ मध्यें दोन मोठ्या दुधाच्या डब्यांत दुसरा भाग भरून त्याच शाळेखालीं पुरला गेला. तिसरा भाग उठावाच्या सुमारास स्व्येन्तोयेर्स्का रस्त्यावर एका कारखान्याच्या आवारांत पुरला असें म्हणतात. त्या जागेवर पुढें चिनी वकिलात झाली. तिच्या आवारांत शोधहि झाला, पण हा भाग आजपर्यंत हातीं आलेला नाहीं.

रिंगेलब्लुम स्वतः उठावांत पकडला गेला व त्राव्निकी येथील छावणींत गेला. तेथून मित्रांनीं त्यास सोडवून आणलें, आणि वॉर्साच्या ग्रुयेत्स्का रस्त्यावरील एका भाजीबागेखालच्या तळघरांत तो पत्नी यहुदित व मुलगा ऊरी यांसह तीसचाळीस माणसांत लपून राहिला. तेथेंहि त्याचें लिहिणें थांबलें नव्हतें. पोलिश व यहुदी लोकांच्या परस्परसंबंधांवरील त्याचा निबंध त्या तळघरांतला आहे. ७ मार्च १९४४ रोजीं जर्मनांनीं जागा शोधून काढली, व थोड्याच दिवसांत त्या सर्वांस, आणि आश्रय देणारा बागवान व त्याचा भाचा यांसहि, गोळ्या घालण्यांत आल्या.

(९) उत्खनन व कागदांची अवस्था. मंडळाच्या पन्नास साठ सभासदांपैकीं युद्धांतून तिघेच वांचले : हर्श वासर, त्याची पत्नी ब्लूमा व राखेल आउअरबाख. दप्तर कोठें आहे याचा निश्चित सुगावा वासर याच्याकडेच होता. एप्रिल १९४६ मध्यें उठावाच्या स्मृतिदिनीं आउअरबाखनें जाहीर रीतीनें बजावलें कीं, या ढिगाऱ्याखालीं राष्ट्राचा ठेवा आहे, तो काढलाच पाहिजे. परंतु काढावा कोठून? रस्ते, घरें, कोपरे, कांहीं उरलें नव्हतें. मोजणी करून, ढिगारा चांचपीत खणून, १८ सप्टेंबर १९४६ रोजीं दहा पेट्या मिळाल्या.

पेट्या उघडल्या तेव्हां त्यांत पाणी शिरलेलें होतें. घाईंत पुरल्या असल्यामुळें त्यांचीं तोंडें पुरतीं बंद नव्हतीं. कागदांचे गठ्ठे ओलसर, एकमेकांस चिकटलेले, बुरशी चढलेली, छायाचित्रांचा व शाईचा पुष्कळ ठिकाणीं नाश झालेला. पान पान सुटें करून वाळवावें लागलें. संग्राहकांस ठाऊकच आहे कीं, पाण्यांत विरघळणाऱ्या रंगाची शाई प्रथम जाते, शिसपेनीचें अक्षर मात्र टिकतें. येथेंहि जें उत्तम लेखणीनें लिहिलें तेंच उत्तम टिकेल, असा भरंवसा नव्हता. एकाच लेखाच्या दोनतीन प्रती करण्याच्या रीतीचा उपयोग या वेळीं दिसून आला : एका प्रतींत बुडालेली ओळ दुसरीवरून भरून काढतां येते.

दुधाचे दोन डबे १ डिसेंबर १९५० रोजीं, त्या जागीं नव्या इमारतीचें काम चालू असतां, पोलिश मजुरांस सांपडले. यांतले कागद पहिल्यापेक्षां पुष्कळच सुस्थितींत होते. कारण साधें आहे : डब्याचीं झांकणें घट्ट बसणारीं होतीं, पेटींचीं नव्हतीं. इतक्या मोठ्या उद्योगाचें यश अखेरीस एका झांकणावर अवलंबून राहिलें. त्यांतला एक डबा वॉर्सास असून दुसरा अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील संग्रहालयांत पाहावयास मिळतो. १९९९ सालीं युनेस्कोनें हें दप्तर ‘जगाची स्मृति’ या आपल्या नोंदवहींत घेतलें, आणि १९९७ पासून त्याच्या संपूर्ण प्रकाशनाचें काम होऊन पोलिश भाषेंत तिसांहून अधिक खंड बाहेर पडले.

(१०) अन्य उदाहरणें. वॉर्साचें उदाहरण मोठें, पण एकटें नव्हे. बियालिस्तोक येथें मोर्देखाय तेनेनबाउम यानें वॉर्साचा कित्ता गिरवून दप्तर जमविलें. तें भिंतीबाहेर धाडून पुरलें गेलें व युद्धोत्तर वर आलें. लिथुआनियांत विल्ना येथील प्रकार याहून विलक्षण. तेथें जर्मनांनीं यहुदी पंडितांसच कामास लावून ग्रंथालयांची निवड करविली. कांहीं भाग जर्मनींत न्यावयाचा व उरलेला कागदाच्या गिरणींत लगद्यास द्यावयाचा, असा ठराव होता. ज्या जातीस नष्ट करावयाचें तिचे ग्रंथ मात्र अभ्यासासाठीं ठेवावयाचे, अशी ही योजना! अब्राहम सुत्स्केवर, श्मेर्के काचेर्गिन्स्की प्रभृति कवि व पंडित रोज संध्याकाळीं अंगरख्याखालीं हस्तलिखितें बांधून पाहऱ्यावरून घेटोंत आणीत व भिंतींत, जमिनींत दडवीत. यावरून हें ध्यानांत येतें कीं, संग्रह करणें हें स्वभावतः पुण्यकर्म नव्हे. लुटारूहि संग्रह करतो. कोणाचा कागद, कोणाच्या संमतीनें, कोणासाठीं, हा प्रश्न प्रत्येक संग्राहकानें स्वतःस विचारावयास पाहिजे.

(११) उपसंहार. या परिचयावरून आमच्यासारख्यांनीं घ्यावयाचा बोध आम्हांस असा दिसतो. कागद मोठा कीं क्षुद्र, याचा निवाडा जमविणाऱ्यानें घाईनें करूं नये. तो पुढच्या पिढीचा अधिकार आहे. कागद कोठून, कोणाकडून, केव्हां आला, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. एकच प्रत एकाच ठिकाणीं ठेवूं नये. आणि जागा कोठें आहे हें एकाहून अधिक माणसांस ठाऊक असावें. वासर दांपत्य व आउअरबाख यांच्याऐवजीं मंडळांतले दुसरे कोणी तिघे वांचते, तर पहिल्या दहा पेट्या कदाचित् आजहि घरांच्या पायाखालीं असत्या.

येथें आमचा स्वतःचा एक अपराध सांगणें भाग आहे. तरुणपणीं एका जुन्या वाड्यांतील दप्तराची निवड करावयास आम्हांस बोलावलें होतें. आम्हीं शिक्क्यांचे कागद, सनदा व पत्रें तेवढीं मोठ्या ऐटीनें बाजूस काढलीं, आणि वाण्याच्या चिठ्या, मजुरीचे हिशेब, सुइणीस दिलेल्या लुगड्याच्या नोंदी असलीं तीन पुडकीं ‘ही रद्दी’ म्हणून मालकांच्या स्वाधीन केलीं. तीं बंबांत गेलीं. पुढें त्या प्रांतांतील एका दुष्काळाविषयीं लिहावयास बसलों, तेव्हां धान्याचा भाव काय होता, मजुरास काय मिळे, घरांत मुलें किती जन्मलीं व किती वांचलीं, यांपैकीं एकाहि प्रश्नास त्या शिक्क्यांच्या कागदांत उत्तर नव्हतें. उत्तर होतें तें आम्हीं स्वहस्तें दवडलें होतें, आणि तेंहि घरीं दोन वेळां जेवून, निर्भयपणें, दिवसाउजेडीं. ग्राबर व ग्झिवाच हे दोन विद्यार्थी, रस्त्यावर वेढा पडलेला असतां, ट्रामचीं तिकिटें व मिठाईचे कागद जपून पेटींत ठेवीत होते, हें वाचल्यापासून आम्हीं कोणत्याहि कागदास रद्दी म्हणण्याचें सोडलें आहे.